हॉली ४१६० च्या सेकंडरी उघडतायत का नाही? (इनबोर्ड बोट, फोर्ड ३५१) – मदत हवी

लाटेवरचा | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

गाड्यांच्या इंजिनांवर इथे पुष्कळ धागे आहेत, पण बोटीच्या इंजिनावर एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतोय.

मी अटलांटाजवळ राहतो. गेल्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या आजोबांकडून १९८६ ची स्की नॉटिक २००१ विकत घेतली. (२००१ हे मॉडेलचं नाव आहे, साल नव्हे.) इंजिन पीसीएम कंपनीने बोटीसाठी बांधलेलं फोर्ड ३५१, २४० हॉर्सपॉवरचं. त्यावर हॉली ४१६० कार्बोरेटर (कार्ब), चार बॅरल म्हणजे चार घसे, ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), व्हॅक्यूम सेकंडरीवाला, म्हणजे मागचे दोन घसे हवेच्या ओढीने उघडणारा. बोट लेक लॅनियरवर चालवतो.

बोटीबरोबर आजोबांनी एक वही दिली. दर उन्हाळ्याच्या पहिल्या फेरीची नोंद पेन्सिलने केलेली आहे: तारीख, हवा, टाकीत किती पेट्रोल, फुल थ्रॉटलला किती आरपीएम, किती वेग. वीस वर्षांच्या नोंदी. सगळीकडे ४४०० च्या आसपास आणि ताशी ४३-४४ मैल.

माझी बोट थंड असो वा गरम, एका झटक्यात सुरू होते. स्लो स्पीड घड्याळासारखी. ३००० पर्यंत ओढ मस्त. त्यापुढे लिव्हर शेवटपर्यंत रेटला की ४००० ला कशीबशी पोचते आणि मग ३८०० वर येऊन बसते. वेग ३७. दुसरी गोष्ट, लिव्हर एकदम पुढे टाकला की इंजिन क्षणभर श्वास अडकल्यासारखं होतं. माझी लेक स्कीवर उठायला लागते, त्याच क्षणी दोरी सैल पडते आणि ती परत पाण्यात बसते. आज पाच वेळा असं झालं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आज राहू दे." फार वाईट वाटलं.

प्लग, डिस्ट्रिब्यूटर कॅप, रोटर, पाणी गाळणारा फ्युएल फिल्टर सगळं नवीन आहे. टायमिंग तपासलंय. एप्रिलमध्ये एका वर्कशॉपमध्ये कार्ब उघडून नवीन किट घातलं होतं. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "सेकंडरी उशिरा उघडतायत, स्प्रिंग मऊ हवी," आणि त्यांनी पांढरी स्प्रिंग बसवून दिली. काडीचा फरक पडला नाही. आता कुठली स्प्रिंग घालू?

---

टाहोवारी | शनिवार, रात्री ११:०२

पांढरी सगळ्यात मऊ. तिच्याहून मऊ काही मिळत नाही. तेव्हा स्प्रिंगच्या नादाला लागण्यात अर्थ नाही. गॅरेजकाकांची वाट बघा.

---

गॅरेजकाका | रविवार, सकाळी ७:४०

लाटेवरचा, सगळ्यात आधी त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. वीस वर्षांची वही म्हणजे अर्धं निदान झालेलंच आहे.

मिशिगनमध्ये तीस वर्षं बोटींची इंजिनं उघडतोय, त्यावरून एकच सांगतो. सेकंडरी उघडतात की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्प्रिंगला हात लावायचा नाही. तुम्हाला स्प्रिंग बदलून देणाऱ्यांनी हे पाहिलेलं दिसत नाही.

तुमच्या कार्बमध्ये चार घसे. पुढचे दोन प्रायमरी, ते तुमच्या लिव्हरला बांधलेले. मागचे दोन सेकंडरी, त्यांना लिव्हर उघडत नाही. लिव्हरची एक काडी त्यांना फक्त बंद करू शकते. उघडायचं काम बाजूच्या गोल डबीतला रबरी डायफ्रॅम करतो. त्याला लागणारी ओढ येते प्रायमरी व्हेंचुरीच्या, म्हणजे घशाच्या अरुंद भागातल्या, एका बारीक भोकातून. तिथून हवा जितकी जोरात वाहील तितकी ओढ जास्त. ती डबीतल्या स्प्रिंगवर मात करायला लागली की डायफ्रॅम वर जातो आणि काडी मागच्या झडपा उघडते. लोक हिला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम समजतात. तसं नाही. फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो, तो काय उघडणार?

त्यामुळे न्यूट्रलमध्ये रेस करून सेकंडरी बघायला जाऊ नका. लोड नसेल तर हवा तेवढी वाहतच नाही, मग त्या उघडत नाहीत आणि माणूस उगाच कार्बला दोष देतो. बोट पाण्यात आणि प्रोपेलर गुंतलेला, तेव्हाच खरं काय ते कळतं.

आता हिशोब. ३५१ घन इंच, दोन फेऱ्यांत एकदा भरणार. ४४०० ला सिलिंडर पूर्ण भरले असं धरलं तर मिनिटाला साधारण ४४७ घनफूट हवा. प्रत्यक्षात ८० ते ८५ टक्के भरतात, म्हणजे ३६० ते ३८०. सहाशेच्या कार्बमध्ये प्रायमरींचा वाटा ढोबळमानाने निम्मा. म्हणजे सेकंडरी बंद असतील तर वरच्या टोकाला हवा कमी पडणारच. पण माझ्या अंदाजाने त्याने दोनतीनशे आरपीएम जातील, सहाशे जाणार नाहीत. आणि तुम्ही एक वाक्य लिहिलंत ते मी दोनदा वाचलं: "४००० ला पोचते आणि मग ३८०० वर येऊन बसते." हवा कमी पडली तर इंजिन वर चढतच नाही. चढून मग खाली येतं तेव्हा मला पेट्रोलचा संशय येतो.

लिव्हर टाकल्यावर श्वास अडकतो तो भाग तर पूर्ण वेगळा. त्या क्षणी सेकंडरी उघडायची वेळच आलेली नसते. तो अॅक्सिलरेटर पंप, म्हणजे लिव्हर हलताच पेट्रोलची पिचकारी मारणारा कार्बमधला छोटा पंप.

म्हणजे एका कार्बच्या नावावर तीन आजार असू शकतात. एकेक करून घेऊ. आज एवढंच करा. इंजिन बंद आणि थंड. कार्बवरचा फ्लेम अरेस्टर (इंजिनातून उलटी येणारी ज्वाळ अडवणारी जाळी) काढा. कुणाला तरी लिव्हर शेवटपर्यंत टाकायला सांगा आणि टॉर्चने आत बघा, प्रायमरी झडपा सरळ उभ्या होतात का. केबल ढिली असली तर त्या होत नाहीत, आणि माणूस महिनाभर स्प्रिंगा बदलत बसतो. लिव्हर तसाच पुढे ठेवून सेकंडरीची काडी बोटाने वर ढकला. अडकता कामा नये, सोडली की स्वतःहून परत आली पाहिजे. शेवटी डायफ्रॅमच्या काडीवर एक पेपरक्लिप चिमटून डबीच्या बुडाला टेकेपर्यंत वर सरकवा. फ्लेम अरेस्टर परत घट्ट बसवा, पाण्यात जा, फुल थ्रॉटल द्या, इंजिन बंद करा आणि क्लिप कुठे आहे ते बघा. सेकंडरी जितक्या उघडल्या असतील तितकी ती खाली सरकलेली असेल.

---

खाडीकाठ | रविवार, दुपारी १:२०

मी मालवणचा. आमच्याकडच्या मोठ्या ट्रॉलरना डिझेल इंजिन, तिथे कार्बच नाही. आऊटबोर्डना असतो, पण त्याला घसा एकच. पद्मिनी टॅक्सीच्या सोलेक्सलाही एकच होता. मग या बोटींना चार कशाला? एकच मोठा घसा का नाही देत? अगदी मनापासून विचारतोय.

---

गॅरेजकाका | रविवार, दुपारी ३:०५

खाडीकाठ, अगदी मुळावरचा प्रश्न. पेट्रोल ओढून घ्यायला हवा वेगाने वाहावी लागते. मोठ्या घशातून कमी आरपीएमला हवा संथ जाते, पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत, स्लो स्पीड बिघडते, धक्क्याला लावताना इंजिन बंद पडतं. म्हणून रोजच्या कामाला दोन लहान घसे आणि जोर लागेल तेव्हा आणखी दोन. स्कीअरला पाण्यातून वर काढायचं तर जोर हवा, आणि धक्क्याला लावताना शांत चाल हवी. दोन्ही एकाच कार्बकडून.

---

तळ्याकाठची | रविवार, रात्री ९:१०

मी ऑस्टिनला, आमची बोट लेक ट्रॅव्हिसवर असते. आमच्या मर्क्रुझर ५.७ वर रॉचेस्टर क्वाड्राजेट आहे. ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी काकांचा क्लिपचा उपाय करू नये, कारण त्याच्या सेकंडरी लिव्हरनेच उघडतात. पुढचे घसे लहान, मागचे केवढे तरी मोठे. मोठ्या घशांवर एक पत्र्याची झडप असते, ती हवेच्या ओढीने हळूहळू उघडते आणि तिचा ताण एका छोट्या स्क्रूने ठरतो. ताण कमी पडला की झडप फटकन उघडते आणि इंजिन गचका खातं. जास्त झाला तर ती अर्धीच उघडते. शिवाय चोक थंड असताना सेकंडरींना अडवून धरणारा एक खटका असतो. आमचा खटका वाकलेला होता, इंजिन गरम झालं तरी सोडत नव्हता. दोन उन्हाळे आम्ही अर्ध्या इंजिनावर फिरलो.

लाटेवरचा, एक कळकळीची विनंती. इंजिनचं झाकण उघडून काम कराल तेव्हा आधी ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) लावा. चावीजवळचं ते लेबल सांगतं तसं किमान चार मिनिटं, आणि मग स्वतः वाकून वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात, तळाशी साचते. गाडीखाली थेंब पडला तर वाऱ्याने उडून जातो. बोटीत तो तिथेच राहतो.

---

गॅरेजकाका | रविवार, रात्री ९:४५

ताईंना शंभर टक्के अनुमोदन. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी. फ्लेम अरेस्टर काढून इंजिन कधीही सुरू करायचं नाही, "जरा आत बघतो" म्हणूनसुद्धा नाही. बॅकफायर झालं तर ज्वाळ तिथेच अडते. अमेरिकेत १९४० च्या एप्रिलनंतर बसवलेल्या प्रत्येक इनबोर्ड पेट्रोल इंजिनाला ही सोय सक्तीची आहे. आणि बोटीवर गाडीचा कार्ब बसवू नका. दिसायला जुळा भाऊ, पण बोटीच्या कार्बमध्ये बाउलच्या (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) हवेच्या नळ्या वाकवून घशाकडे वळवलेल्या असतात. फ्लोट अडकून पेट्रोल उतू गेलं तरी ते इंजिनातच जातं, बाहेर सांडत नाही. कोस्ट गार्डच्या नियमानुसार फ्लोट व्हॉल्व्ह उघडा राहिला तरी ३० सेकंदांत ५ घन सेंटीमीटरहून जास्त गळता कामा नये.

---

लाटेवरचा | सोमवार, रात्री ८:३०

काका, ताई, मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळं केलं.

प्रायमरी पूर्ण उघडतात. सेकंडरी हाताने लोण्यासारख्या हलतात. क्लिप लावून तीन फेऱ्या मारल्या. क्लिप जागची हललेली नाही. केसभरही नाही. शिवाय मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेजही जोडला होता. फुल थ्रॉटलला ३ इंच दाखवतो.

आणि पंपाचं तुमचं म्हणणं बरोबर निघालं. इंजिन बंद ठेवून आत बघत लिव्हर हळू हळू पुढे नेला. चांगला अर्धा इंच सरकेपर्यंत पिचकारी नाही, मग एकदम सुटते.

---

गॅरेजकाका | सोमवार, रात्री १०:२०

शाबास. क्लिप आणि गेज दोघंही तेच सांगतायत. फुल थ्रॉटलला तो काटा एकच्या आसपास हवा. तीन म्हणजे इंजिन हवा मागतंय आणि कार्ब देत नाहीये. (फ्लेम अरेस्टर तेलाने माखलेला असेल तरीही असंच दिसतं. तो एकदा कार्ब क्लीनरने धुवून वाळवून घ्या.)

पंप आधी, कारण सोपा आहे. लिव्हर जरा हलला की पिचकारी उडाली पाहिजे. पंपाच्या दांडीवर स्प्रिंग घातलेला बोल्ट आणि नट आहे, त्याने मधली पोकळी काढून टाका. मग थ्रॉटल पूर्ण उघडा धरून पंपाची पट्टी खाली दाबा. तिथे ०.०१५ इंच जागा उरायला हवी, फीलर गेजने बघा. अजिबात उरली नाही तर पंपाचा डायफ्रॅम दर वेळी चेचला जाईल.

आता सेकंडरीची डबी. तीन स्क्रू आणि काडीची खालची क्लिप काढली की ती हातात येते. काडी वर ढकला, डबीच्या मागच्या तोंडावरचं व्हॅक्यूमचं भोक बोटाने गच्च दाबा आणि काडी सोडा. ती वरच अडकून राहिली तर डायफ्रॅम चांगला. लगेच खाली आली तर फाटलाय किंवा झाकणात चिमटला गेलाय. त्या भोकाच्या वाटेत एक बारीक गोळी असते, ती सांडू देऊ नका. उघडताना ओढ तिच्या कडेच्या खाचेतून सावकाश यावी आणि बंद होताना झटकन सुटावी म्हणून ती ठेवलेली आहे. काही जण ती काढून टाकतात. बोटीत हा उद्योग करू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डबी आणि कार्ब यांच्यामध्ये एक चिमुकलं गॅस्केट असतं. ते आहे का बघा.

---

लाटेवरचा | मंगळवार, रात्री ११:५०

काका, गॅस्केट नाही.

फोटो जोडतोय. कार्बच्या बाजूला भोकाभोवती तो गोल खळगा दिसतोय ना, तो कोरडा ठणठणीत आहे. नवीन किट मागवलं होतं, त्याच्या पाकिटात ते शोधलं. करंगळीच्या नखाएवढं आहे. एवढ्याशा चकतीसाठी एप्रिलपासून दोन महिने गेले. ज्यांनी कार्ब उघडला त्यांनी मला स्प्रिंगचे आणि मजुरीचे पैसे लावले, पण डबी एकदा काढून पाहिली नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

डायफ्रॅम चांगला आहे. भोक दाबून काडी सोडली, मी मनात साठ मोजले तरी वरच राहिली. बायकोला बोलावून दाखवलं.

---

तळ्याकाठची | बुधवार, सकाळी ६:३०

किती बरं वाटलं वाचून! पाण्यात उतरलात की लगेच कळवा.

---

लाटेवरचा | शनिवार, दुपारी ४:१५

तळ्यावरूनच लिहितोय. आनंदही आहे आणि भीतीही.

पंप लावल्यावर श्वास अडकणं साफ गेलं. सेकंडरी उघडतायत, क्लिप जवळजवळ तळापर्यंत उतरली. इंजिनाचा आवाजच बदलला, मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटलं. टॅको (आरपीएमचा काटा) ४३०० ला गेला. पण पंधरावीस सेकंदांत ३७०० वर आला, आणि हलके धक्के खायला लागली. लिव्हर मागे घेतला की पुन्हा ठीक. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा करू का?

---

गॅरेजकाका | शनिवार, दुपारी ४:२२

करू नका. परत फुल थ्रॉटल देऊ नका. सावकाश धक्क्यावर या, मग लिहितो.

---

गॅरेजकाका | शनिवार, संध्याकाळी ६:१०

मघाशी घाईत लिहिलं, कारण हे इंजिनाच्या जिवावर बेतणारं आहे. तुमचीच गोष्ट नाही, मी असे पिस्टन पाहिलेत. वर अंगठ्याएवढं भोक, कडा वितळून गोल झालेल्या.

गाडी फुल थ्रॉटलवर किती वेळ चालते? पाच-दहा सेकंद. बोट मात्र कायम चढावर असते, उतार तिला कधी मिळतच नाही. पाच मिनिटं लिव्हर पुढे टाकून बसणारे लोक आहेत. आतापर्यंत सेकंडरी बंद होत्या म्हणून इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोलही कमी लागत होतं. आता हवेचं दार उघडलंय, आणि पेट्रोल मागून पुरत नाहीये. बाउल भरलेला असतो तोवर, म्हणजे पंधरावीस सेकंद, सगळं छान. बाउल उतरला की मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लीन इंजिन तापतं आणि पिस्टन जातो.

प्लग काढून रंग बघा. मग पेट्रोलची वाट टाकीपासून तपासा. फ्युएल पंपाच्या बाजूने एक पारदर्शक नळी कार्बकडे जाते ना? तिच्यात पेट्रोल दिसलं तर पंपाचा आतला पडदा फाटलाय. ती कोरडी असेल तर टाकीच्या तोंडाशी जिथे पाइप लागतो तिथे पितळी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, आत स्प्रिंग आणि गोळी. इथेनॉलच्या पेट्रोलचा चिकटा तिथे बसतो आणि गोळी अर्धीच उठते. कमी चालीत कळत नाही, फुल थ्रॉटलला गळा आवळल्यासारखं होतं.

खात्री करायची तर बोटीसाठीची छोटी टाकी घट्ट जोडून इंजिन तिच्यावर चालवा. तेव्हा धक्के गेले तर दोष तुमच्या टाकीकडच्या बाजूला.

---

लाटेवरचा | रविवार, रात्री ९:४०

प्लग पांढरट आहेत, खडूसारखे. भीती वाटली, पण पोर्सेलिन शाबूत आहे, कुठे वितळलेलं नाही. पंपाची नळी कोरडी.

दुसऱ्या टाकीवर ४४००, पूर्ण दोन मिनिटं, एकही धक्का नाही.

व्हॉल्व्ह काढला. आतली गोळी हिरवट चिकट्याने माखलेली आणि स्प्रिंग एका बाजूला कललेली. फुंकर मारली तर हवा जात नव्हती. जवळच्या दुकानदाराने "काढूनच टाका, काही होत नाही" असं सांगितलं.

---

तळ्याकाठची | रविवार, रात्री १०:०५

काढू नका, कृपा करून. पाइप कुठे फुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बिल्जमध्ये वाहत राहू नये म्हणून तो असतो. नवीन बसवा, फार महाग नाही.

---

गॅरेजकाका | रविवार, रात्री १०:१५

ताई म्हणतात तेच. नवीनच, त्याच मापाचा.

आणि तो बसला की मग आता स्प्रिंग. तुमची पांढरी अजून आतच आहे. डबीचं दोन स्क्रूवालं झाकण मिळतं, ते घ्या, म्हणजे दर वेळी आख्खी डबी काढायला नको. मऊपासून कडकपर्यंत क्रम असा: पांढरी, पिवळी, जांभळी, बिनरंगाची, तपकिरी, काळी. पिवळीत एक आखूडही येते, ती पांढरीच्या पुढची. मऊ स्प्रिंग म्हणजे सेकंडरी लवकर. पण लवकर म्हणजे जास्त जोर नव्हे. हवा अचानक सुटते आणि पेट्रोल मागून येतं, तेवढ्यात इंजिन गचका खातं. ज्या सगळ्यात मऊ स्प्रिंगला गचका नाही, ती तुमची स्प्रिंग.

तुमच्या ४१६० च्या मागच्या बाजूला जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बदलता येणाऱ्या भोकाच्या पुड्या) नसतात, ठरावीक भोकांची पट्टी असते. तिथे पेट्रोल कमी-जास्त करायचं तर पट्टीच बदलावी लागते. ते शेवटी, प्लगनी सांगितलं तरच. बोटीचा एग्झॉस्ट पाण्याने ओला असतो, त्यामुळे गाडीसारखा सेन्सर खुपसून मिश्रण मोजता येत नाही. आपल्याला प्लगवरच विसंबावं लागतं.

कार्ब काढाल तेव्हा खालच्या बाजूचा सेकंडरीचा बारीक स्टॉप स्क्रूही बघा. झडपा पूर्ण मिटतील इतका सोडा, मग सेकंडरी झडपांच्या दांडीला टेकेपर्यंत आत घ्या आणि वर पाव फेरा. नाहीतर हिवाळाभर बंद राहून त्या भिंतीला चिकटतात.

---

टाहोवारी | सोमवार, सकाळी ९:००

माझ्याकडून एक भर. लेक टाहो १९०० मीटरवर आहे, तिथे हवा साधारण पाचव्या हिश्श्याने विरळ. खाली सॅक्रामेंटोजवळ लावलेली स्प्रिंग घेऊन वर गेलो तर क्लिप तळापर्यंत उतरत नाही, कारण व्हेंचुरीतून हवेचा रेटाच कमी. मी आधी घाबरून स्प्रिंग बदलली होती. आता तिकडे जाताना प्रोपेलर कमी पिचचा लावतो आणि कार्बला हात लावत नाही. लॅनियरला हा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोगी पडेल.

---

लाटेवरचा | रविवार, रात्री ९:१५

आज दिवसभर पाण्यावर होतो. नवीन व्हॉल्व्ह, स्वच्छ अरेस्टर, स्टॉप स्क्रू काकांनी सांगितला तसा. आधी हाताने सेकंडरी पूर्ण उघडून क्लिप कुठे येते ती खूण काडीवर मार्करने केली, म्हणजे "पूर्ण" म्हणजे किती ते कळावं.

पांढरी: २८०० च्या आसपास स्पष्ट गचका, दोरी हातात जाणवेल इतका. क्लिप पूर्ण.
पिवळी: गचका बारीक, मलाच कळला, बोटीतल्या कुणाला नाही. क्लिप पूर्ण.
जांभळी: काहीच नाही. सरळ रेषेत ओढत गेली. क्लिप पूर्ण.
बिनरंगाची: गचका नाही, पण वर चढायला जरा वेळ, आणि क्लिप खुणेच्या पाव इंच वर थांबली.

जांभळी परत घातली. चार लोक, अर्धी टाकी, टॅको ४४००, वेग ४३. व्हॅक्यूम गेज १ च्या जरा खाली. तीन मिनिटं फुल थ्रॉटल दिलं, तिथेच चावी बंद केली, तरंगत धक्क्यावर आलो आणि प्लग काढले. आता फिकट तपकिरी आहेत. पट्टी बदलत नाही.

लेक पहिल्याच प्रयत्नात उभी राहिली. पूर्ण खाडी पार करून आली आणि दोरी सोडताना हात हलवत होती.

येताना आजोबांकडे थांबलो. त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले, "कोणती स्प्रिंग?" विचारलं, आणि वही मागून घेऊन स्वतःच्या हाताने आजची तारीख आणि "जांभळी" असं लिहिलं.

---

गॅरेजकाका | रविवार, रात्री ९:५०

उरलेल्या स्प्रिंगा एका पाकिटात घालून त्याच वहीत चिकटवून ठेवा. आणि पुढच्या महिन्यात एकदा प्लग परत काढून बघा, नवीन व्हॉल्व्हवर तीस तास झाल्यावर.

---

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

काका, आमच्या एका मित्राचा आऊटबोर्ड जोर दिला की असाच पंधरा सेकंदांनी दम टाकतो. तो गेले दोन आठवडे जेटमध्ये तांब्याची तार घालून साफ करतोय. आज त्याला आधी टाकीचा पाइप आणि फिल्टर काढून बघायला सांगतो. नवा धागा काढू का इथेच लिहू?

---

गॅरेजकाका | सोमवार, सकाळी ८:३०

नवा काढा, फोटोसकट. आणि तार आधी बंद करायला सांगा, भोक मोठं होतं.